विश्वास आहे, तरी मरणाची भीती वाटते: एका मुलीच्या प्रश्नाला उत्तर

एका भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे पप्पा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. पस्तीस वर्षे ते मंडळीचे एल्डर, म्हणजे मंडळीची देखरेख करणारे वडीलजन, होते. कित्येक घरांत मृत्यूच्या प्रसंगी त्यांनीच प्रार्थना केली आणि कबरीच्या काठाशी उभे राहून वचने वाचली. गेल्या पावसाळ्यात त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे कळले आणि आता आजार बरा करण्याचे उपचार थांबवून त्रास कमी करण्यावरच भर द्यावा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. दिवसा भेटायला येणाऱ्यांसमोर पप्पा शांत असतात, "प्रभूची इच्छा" म्हणतात. रात्री दोन-अडीचच्या सुमारास मात्र घाबरून उठून बसतात, मुलीचा हात सोडत नाहीत आणि दिवा मालवू देत नाहीत. एका रात्री ते म्हणाले, "मी आयुष्यभर लोकांना धीर दिला आणि आता मलाच भीती वाटते. मग माझा विश्वास खोटाच होता का?" जवळच्या एका नातेवाइकाने तर स्पष्टच सांगितले की भीती म्हणजे अविश्वास, प्रार्थना वाढवा. भगिनींनी विचारले आहे: "पाळक साहेब, मी पप्पांना काय सांगू?"

पाळक म्हणून माझी सव्वीस वर्षे झाली आणि त्यांतील सोळा वर्षे मी रुग्णालयात, खाटांच्या शेजारी, काढली. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट निःसंकोचपणे सांगतो: तुमच्या पप्पांचा विश्वास खोटा नव्हता आणि आजही खोटा नाही. मरणाची भीती वाटणे हे पाप नाही. ज्या रात्री त्यांनी तुमच्यापाशी ती भीती बोलून दाखवली, त्या रात्री त्यांनी दिवसभरातले सर्वांत खरे वाक्य उच्चारले, असे मी समजतो. त्या वाक्याला लगेच उत्तर देण्याची घाई करू नका.

मी स्वतः ही घाई केलेली आहे. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णाने मला विचारले होते, "पाळक साहेब, मला भीती वाटते, हे बरोबर आहे का?" मी त्याच क्षणी पवित्र शास्त्र उघडले, योहानाच्या पहिल्या पत्रातील "पूर्ण प्रीती भीती घालवून देते" हे वचन वाचले, छोटी प्रार्थना केली आणि काम झाले असे समजून बाहेर पडलो. त्यानंतर तो माणूस माझ्याशी बोलला नाही. मी जात राहिलो, तो नम्रपणे मान हलवत राहिला आणि अकराव्या दिवशी गेला. पुढे त्यांच्या पत्नीने सांगितले की त्या भेटीनंतर ते म्हणाले होते, "माझी प्रीती पूर्ण नाही, एवढेच मला कळले." त्या अध्यायात योहान ज्या भीतीविषयी बोलतो, ती शिक्षेची, न्यायाच्या दिवसाची भीती आहे, हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण त्या माणसाला नेमकी कोणती भीती वाटत होती, हे मी विचारलेच नव्हते. तेव्हापासून मी आधी विचारतो आणि वचन मागाहून वाचतो.

भीती म्हणजे अविश्वास, असे म्हणणाऱ्यांनी पवित्र शास्त्रातील पुष्कळ पाने वगळलेली असतात. हिज्कीया राजाला आपण मरणार असे कळले तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड फिरवले आणि तो मोठ्याने रडला. यशयाच्या अडतिसाव्या अध्यायात हे लिहिलेले आहे आणि देवाने त्याबद्दल त्याला दोष दिला नाही, उलट "मी तुझी प्रार्थना ऐकली आहे, तुझे अश्रू पाहिले आहेत" असे कळवले. पंचावन्नाव्या स्तोत्राचा कर्ता मृत्यूची दहशत बसली आहे, कंप सुटला आहे, असे देवालाच सांगतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटच्या ओळीतही उजेड येत नाही. आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेले आहे, कारण अंधारात उच्चारलेली हाकही हाकच असते.

या सर्वांच्या पुढे गेथशेमाने बाग आहे, जिथे येशूने अटकेच्या रात्री प्रार्थना केली. मार्क लिहितो की येशू अतिशय विस्मित व व्याकूळ होऊ लागला. आपला जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, असे त्याने शिष्यांना सांगितले आणि तो जमिनीवर पडला. "हा प्याला माझ्यापासून दूर कर" ही त्याची प्रार्थना आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय सांगतो की त्याने मोठा आक्रोश करीत आणि अश्रू गाळीत विनंत्या केल्या. आपण हे उतारे पवित्र सप्ताहात दर वर्षी वाचतो आणि पुढच्या सप्ताहात खाटेवरच्या माणसाला सांगतो की ख्रिस्ती माणसाने घाबरू नये. स्वतः प्रभूला मरण समोर दिसताच कंप सुटला, मग त्याच्या सेवकाला सुटू नये अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करायची? आणि त्या रात्री प्रभूने मित्रांकडे काय मागितले, तेही तुमच्यासाठी महत्त्वाचे आहे. त्याने उपदेश मागितला नाही. "येथे राहा आणि जागे राहा" एवढेच मागितले, आणि ते झोपी गेले. तुम्ही रात्री अडीच वाजता जागे राहून पप्पांचा हात धरता तेव्हा पेत्र, याकोब आणि योहान यांना जे जमले नाही ते तुम्ही करीत असता.

कोणी म्हणेल की ख्रिस्तासाठी जीव देणारा पहिला शिष्य स्तेफन तर शांतपणे मेला. खरे आहे, प्रेषितांच्या कृत्यांच्या सातव्या अध्यायात दगडांच्या वर्षावात तो गुडघे टेकून मारेकऱ्यांसाठी क्षमा मागतो. शिष्य गुरूपेक्षा शांतपणे मेला, हे वाचून मला पूर्वी आश्चर्य वाटत असे. आज मला त्याचे कारण कळते असे वाटते: स्तेफनाच्या आधी त्या वाटेने कोणीतरी गेला होता, आणि स्तेफनाला तो उभा असलेला दिसला. प्रभू येशूच्या पुढे त्या वाटेवर कोणीच नव्हते. स्तेफनाची शांती हे त्याला मिळालेले दान होते. दान मागता येते, त्याची वाट पाहता येते; पण ते एखाद्याजवळ नाही म्हणून त्याला दोषी धरता येत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भाषणांतून निसटते. मरण म्हणजे केवळ एक दार, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणे, असे आपण सांत्वनासाठी म्हणतो. पौल मात्र पहिल्या करिंथकरांस पत्रात मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रूचा पराभव झाला आहे अशी आपली श्रद्धा आहे, तरी तो शत्रूच आहे, मित्र नव्हे. लाजाराच्या कबरेपाशी, आपण त्याला थोड्याच वेळात उठवणार हे ठाऊक असूनही, येशू रडला. पुनरुत्थानाची आशा रडणे थांबवीत नाही, आणि दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल स्वतःविषयीही हेच कबूल करतो: या मंडपात, म्हणजे या देहात, आम्ही भाराक्रांत होऊन कण्हतो, वस्त्र उतरवले जावे अशी आमची इच्छा नाही, तर वरून दुसरे वस्त्र घालावे अशी आहे. देह सोडायला मन घेत नाही, कारण देह ही देवाने निर्माण केलेली चांगली वस्तू आहे. ज्या धर्माचा विश्वास देहाच्या पुनरुत्थानावर आहे, त्या धर्माच्या माणसाला देह सुटताना दुःख होणे हे त्याच्या विश्वासाला धरूनच आहे.

आता पप्पांच्या भीतीकडे वळतो. "मरणाची भीती" हे एकच नाव असले तरी त्याखाली वेगवेगळ्या भीती असतात, आणि एकीचे औषध दुसरीला लागू पडत नाही. म्हणून दिवसा, कोणी पाहुणे नसताना, शक्यतो सकाळी अंघोळ आणि चहा झाल्यावर, त्यांना साधेपणाने विचारा: "पप्पा, रात्री सगळ्यांत जास्त कशाची भीती वाटते?" विचारून झाल्यावर गप्प राहा. उत्तर यायला वेळ लागतो. माझ्या अनुभवात कधीकधी दोन दिवस लागलेले आहेत.

फुप्फुसाच्या आजारात बहुतेक वेळा पहिले उत्तर श्वासाचे असते. मरणानंतर काय, हा प्रश्न पुष्कळांना पडतच नाही. मरताना गुदमरायला होईल का, हा पडतो. ही शरीराची भीती आहे आणि तिचे पहिले उत्तर औषधात आहे. आपल्या लोकांत एक चुकीची समजूत आहे की वेदना किंवा धाप शांत करण्यासाठी औषध मागणे म्हणजे विश्वासात कमी पडणे, आणि मॉर्फिनचे नाव काढले की "ते दिले म्हणजे संपलेच" किंवा "त्याचे व्यसन लागते" असे घरचे म्हणतात. योग्य मात्रेत, जाणकार डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन धाप लागल्याची घुसमट कमी करते. ते मरण ओढून आणीत नाही, आणि या अवस्थेत व्यसनाची काळजी करण्याचे कारण नाही. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानंतर आपल्या देशात हे औषध मिळणे फार कठीण झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सोपे झाले आहे. पप्पांच्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा की रात्री धाप वाढली तर घरी काय द्यायचे, किती द्यायचे आणि कोणाला फोन करायचा. उत्तर कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पप्पांना दिसेल असा ठेवा. मी पाहिले आहे की औषध घेण्याआधी, नुसता तो कागद समोर असल्यानेच काहींची अर्धी भीती उतरते.

पाठीशी उशा लावून त्यांना अर्धवट बसते ठेवा, चेहऱ्यावर वारा येईल असा लहान पंखा लावा, खोलीत गर्दी होऊ देऊ नका. शेवटचे दिवस जवळ आले की झोप वाढते, भूक जाते, श्वासाची लय तुटक होते आणि घशात घरघर ऐकू येऊ लागते. ती घरघर शेजारी बसलेल्यांना भयंकर वाटते, पण तोपर्यंत रुग्णाची शुद्ध बहुधा इतकी हरपलेली असते की त्याला तिचा तसा त्रास होत नसावा, असे अनुभवी डॉक्टर आणि परिचारिका सांगतात. त्या वेळी भूक नसलेल्या माणसाला भरवण्याचा आग्रह धरू नये. ओठ ओल्या कापडाने टिपत राहावे. आणि त्यांना ऐकू येत आहे असे धरूनच बोलावे. कृत्रिम श्वासाचे यंत्र लावू नये अशी पप्पांची इच्छा असेल, तर तीही त्यांना शुद्ध असताना विचारून डॉक्टरांच्या सल्ल्याने लिहून ठेवता येते; सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा पूर्वलिखित इच्छेला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी केली. मरण पुढे ढकलणारे प्रत्येक यंत्र स्वीकारलेच पाहिजे, असे ख्रिस्ती विश्वास सांगत नाही.

मी औषधाविषयी इतके सविस्तर लिहिले, यात पाळकाचे काम सोडून दुसऱ्याच्या कामात शिरलो असे मला वाटत नाही. सिसिली सॉन्डर्स या आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या ख्रिस्ती स्त्रीने १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेचे घर, सुरू केले, आणि मरणाऱ्या माणसाची वेदना देहाची, मनाची, नात्यांची आणि आत्म्याची अशी एकत्र असते, तिचे तुकडे करता येत नाहीत, हे वैद्यकाला शिकवले. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झाले. भारतातील ते पहिले हॉस्पिस. तेथे वेदनेवर औषध आणि खाटेशेजारी प्रार्थना, दोन्ही एकाच छपराखाली चालतात. प्रभूने आंधळ्याच्या डोळ्यांना चिखल लावला आणि शोमरोन्याने जखमेवर तेल व द्राक्षारस ओतला, हे आठवले म्हणजे औषध आणि विश्वास यांत भांडण लावण्याची गरज उरत नाही.

दुसरे उत्तर वेगळे असू शकते: "देवासमोर उभे राहायचे आहे." एल्डर म्हणून ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना हे उच्चारणे सर्वांत जड जाते, कारण लोक त्यांना आधीच नीतिमान धरून बसलेले असतात. पप्पा असे काही बोलले तर "तुम्ही तर इतकी सेवा केली" असे म्हणू नका. त्या वाक्याने त्यांचे सांत्वन त्यांच्याच कर्तबगारीवर टांगले जाते, आणि ती किती तोकडी आहे हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगले माहीत असते. मनात काही विशिष्ट गोष्ट असेल तर ती कोणापाशी तरी बोलता आली पाहिजे. आपल्या मंडळ्यांत पापनिवेदनाची ठरलेली रीत नसली तरी "एकमेकांजवळ आपली पातके कबूल करा" हे याकोबाचे वचन आपलेही आहे. पाळकाला एकट्याने बोलवा आणि खोलीबाहेर थांबा. कॅथलिक कुटुंबांत याची व्यवस्था स्पष्ट असते, पण तेथेही रोग्यांचा अभिषेक म्हणजे "शेवटचे तेल" अशी जुनी धास्ती असल्याने फादरना फार उशिरा बोलावले जाते. गंभीर आजारात, शुद्ध असताना, धीर मिळावा म्हणून घ्यायचा हा संस्कार आहे. आशा सोडल्याची ती खूण नव्हे.

कधीकधी न्यायाची भीती ही खऱ्या देण्याची आठवण असते, आणि देणे वचनाने फिटत नाही. एका शेतकऱ्याला मी तीन आठवडे भेटत होतो. क्षमेची सगळी वचने वाचून झाली, प्रभुभोजन झाले, तरी त्यांचा जीव शांत होईना. शेवटी कळले की भावाबरोबरचा बांधाचा वाद बावीस वर्षे चालू होता आणि बांध यांनीच सरकवला होता. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाच्या घरी तारण आले तेव्हा त्याने चौपट परत करण्याचे कबूल केले होते, हे मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी मुलाला बोलावले, मुलाने काकांना आणले. काका खाटेच्या पायथ्याशी बसले, बराच वेळ दोघेही बोलले नाहीत, मग काकांनी त्यांचे पाय चेपायला घेतले. जमिनीचे पुढे काय ठरले, ते मला माहीत नाही. त्या रात्री मात्र ते औषधाशिवाय झोपले. वधस्तंभावरच्या चोराला परतफेड करायला हात मोकळे नव्हते, आणि त्याला "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" हे ऐकायला मिळाले. ज्यांचे हात अजून मोकळे आहेत त्यांनी ते वापरावेत, पण तारण त्या हातांवर अवलंबून नाही. या दोन्ही गोष्टी पप्पांना एकत्रच सांगाव्या लागतील.

तिसरी भीती मागे राहणाऱ्यांची असते: तुझे कसे होईल, तुझ्या मम्मीचे कसे होईल, हातातले काम कोण करील. इथे मला आपल्याच दोन माणसांची आठवण होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ च्या मे महिन्यात वारले तेव्हा प्रभू येशूच्या चरित्रावरचे त्यांचे महाकाव्य अपुरेच होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे पूर्ण केले. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली, पुढे भाऊ आणि पती गेले. आणि केडगावच्या मुक्ती मिशनचे काम जिच्या हाती सोपवायचे होते ती त्यांची एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्याआधी गेली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाईंचे निधन झाले. मनात धरलेली वारस गेली असतानाही त्यांना काम सोडून जावे लागले, आणि ते काम आजही केडगावात चालू आहे. मोशेलाही नबो डोंगरावरून देश दिसला, पाय मात्र ठेवता आला नाही. अपुरे टाकून जाणे हे अपवादाचे मरण नाही, विश्वासातल्या माणसांचेही बहुतेक तसेच होते. प्रभूने वधस्तंभावरून आपल्या आईची जबाबदारी योहानावर सोपवली. म्हणजे मागे राहणाऱ्यांची काळजी वाटणे त्यालाही परके नव्हते, आणि त्याने ती एका ठरावीक माणसाच्या हाती दिली. पप्पांनाही तसे करू द्या. बँकेचे कागद कुठे आहेत, मम्मीची औषधे कोण आणील, नाताळात कोणी कोणाकडे जायचे, हे त्यांना ठरवायचे असेल तर "आता कशाला तो विषय" म्हणून थांबवू नका.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पप्पांच्या दिवसातल्या शांतपणाची. भेटायला येणाऱ्या मंडळींसमोर ते हसतात, कारण एल्डरने साक्ष चांगली द्यावी, मरतानासुद्धा, अशी अपेक्षा त्यांना जाणवते. कदाचित ती त्यांनी स्वतःच इतरांकडून कधी केली असेल. पंधराव्या शतकात युरोपात, महामारीची आठवण ताजी असताना, "चांगले मरण" कसे यावे याविषयी छोट्या पुस्तिका निघाल्या. धर्मगुरू वेळेवर पोहोचत नसत, म्हणून खाटेशेजारी बसणाऱ्या साध्या माणसांनाही त्यांचा उपयोग होई. मरणाऱ्याला कोणते पाच मोह घेरतात, ते त्यांत चित्रांसह दाखवले आहे: विश्वास डळमळणे, निराशा, दुखण्यात चिडणे, संसारातल्या वस्तूंची आसक्ती, आणि आध्यात्मिक अहंकार, म्हणजे "पाहा, मी किती धीराने मरतो आहे" अशी भावना. ज्यांनी ही यादी केली त्यांना खाटेवरची माणसे ठाऊक होती. विश्वास डळमळणे हा मोह विश्वासणाऱ्यालाच होतो, ज्याचा विश्वासच नाही त्याचे काय डळमळणार, हे त्यांनी गृहीत धरले. आणि चांगल्या साक्षीची हौस हीदेखील सापळा ठरू शकते, हेही ओळखले. आपण मात्र पप्पांकडून नेमकी तीच साक्ष मागत आहोत.

म्हणून काही दिवस भेटी कमी करा. कोण यावे, हे पप्पांनी ठरवावे. जे येतील त्यांना दारातच सांगा की आज गाणे म्हणा, उपदेश नको. "उपासना संगीत" या आपल्या गीतपुस्तकातली पप्पांच्या आवडीची दोन गीते हळू आवाजात म्हटली की पुरे. गाताना रुग्णाला उत्तर द्यावे लागत नाही, चेहरा सांभाळावा लागत नाही. नातेवाइकांचे ते वाक्य पप्पांच्या कानावर गेले असेल, तर तुम्हीच ते खोडून काढा. मुलीच्या तोंडून ऐकलेले त्यांना पटेल: "पप्पा, गेथशेमानेत प्रभूही घाबरला होता."

आणि "माझा विश्वास खोटा होता का" या प्रश्नाचे उत्तर त्यांना हवे असेल, तर मार्काच्या नवव्या अध्यायातला तो बाप त्यांना दाखवा, जो एकाच श्वासात म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. त्याला आधी अविश्वास काढून टाकून ये, असे सांगितले गेले नाही; त्याच्या मुलाला बरे केले गेले. ख्रिस्ती विश्वास प्रश्नोत्तरांतून शिकवणाऱ्या १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचा पहिलाच प्रश्न विचारतो की जीवनात आणि मरणात तुझे एकमेव सांत्वन कोणते, आणि उत्तराची सुरुवात स्वर्गाच्या वर्णनाने किंवा विश्वासाच्या बळाने होत नाही. उत्तर एवढेच म्हणते की मी माझा स्वतःचा नाही, देहाने आणि आत्म्याने, जगताना आणि मरताना, माझ्या विश्वासू तारणाऱ्या येशू ख्रिस्ताचा आहे. हे मी खाटेजवळ पुष्कळदा सांगितले आहे, कारण यात घाबरलेल्या माणसाला काहीही करायचे नसते. लहान मूल बापाचा हात घट्ट धरते तेव्हा ते पडत नाही ते त्याच्या पकडीमुळे नव्हे, बापाच्या पकडीमुळे.

राहिली ती रात्र. पप्पांना बहुधा झोपेचीच भीती वाटते, आपण झोपलो तर उठणार नाही अशी. ही भीती फार जुनी आहे आणि मंडळीची तिच्यावरची प्रार्थनाही तितकीच जुनी आहे. "मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो" ही एकतिसाव्या स्तोत्रातली ओळ यहुदी घरांत झोपताना म्हटली जात आली आहे. ख्रिस्ती मंडळीनेही ती रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेत घेतली. आणि प्रभूने वधस्तंभावर शेवटचा श्वास सोडताना, आरंभी "हे बापा" जोडून, तीच उच्चारली. पप्पांनी इतरांसाठी ती वाचली असेल. आता झोपताना रोज तुम्ही त्यांच्यासाठी ती म्हणा, त्यांनी म्हणावी असा आग्रह न धरता.

मध्यरात्री ते उठून बसले तर तेविसावे स्तोत्र म्हणा, पण संथपणे, आणि चौथ्या ओवीपाशी थोडे थांबा. पहिल्या तीन ओव्यांत कवी देवाविषयी बोलतो: तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. मृत्युच्छायेची दरी आली की मात्र तो देवाविषयी बोलणे सोडून देवाशी बोलू लागतो: "कारण तू माझ्याबरोबर आहेस." कुरणात जो "तो" होता, तो दरीत "तू" झाला आहे. पप्पांनी हे स्तोत्र कबरीच्या काठाशी कितीतरी वेळा वाचले असेल, पण दरीच्या आतून कदाचित आत्ताच वाचत असतील. हा बदल त्यांच्या लक्षात आणून द्यायची गरज नाही. नुसते "तू" म्हणून थांबा, त्यांचा हात तुमच्या हातात असू द्या, आणि दिवा चालू ठेवायचा असेल तर तो सकाळपर्यंत चालू राहू द्या.